पोफळीमागे पन्नास रुपये

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत आलं. हवामान खात्याच्या नोंदीत वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर आहे. एवढ्या दोन वाक्यांवरही आमच्या घरातल्या दोन माणसांचं आजवर एकमत झालेलं नाही.

एक माझी आत्या. श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राची गाज रात्रभर ऐकू येईल इतक्या अंतरावर तिची वाडी आहे. पोफळी, माड, मध्ये जायफळ आणि मिरी. शिवाय पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या आणि त्यांच्या पुढ्यात पत्र्याची लांबलचक पडवी. दुसरा माझा धाकटा चुलतभाऊ. इमारतींचा इंजिनियर, राहायला मुंबईत, काही काळ आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे बनवण्याच्या कामात होता. दोघांचा वाद एका बैठकीतला नाही. गणपतीत, कुणाच्या तरी लग्नात, फोनवर असा तो तुकड्यातुकड्यांनी चालत आला आहे. मी ते तुकडे एकापुढे एक लावले आहेत, आणि राहवलं नाही तिथे मध्ये तोंड घातलं आहे.

धाकटा: आत्या, तू एक गोष्ट मान्य कर. या वेळी यंत्रणा चालली. ३१ मेला अरबी समुद्रात नुसता कमी दाबाचा पट्टा होता, तेव्हाच ३ जूनला हे महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्याकडे येणार म्हणून सांगितलं होतं. १ तारखेला त्याची तीव्रता वाढली, २ तारखेला चक्रीवादळ झालं, ३ ला दुपारी तुमच्या दारात. हातात दोन दिवस. त्यात करोनाची टाळेबंदी, माणसांना एकत्र ठेवायचीही चोरी. तरी किनाऱ्यावरची हजारो माणसं हलवली. राज्यातले बळी एका आकड्यात राहिले. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. आपल्याकडे २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आलं तेव्हा किती मच्छीमार दर्यावरच राहिले!

आत्या: माणसं वाचली हे कोण नाही म्हणतंय? ज्यांनी वाचवली त्यांना मी हात जोडते. पण तुझं सगळं तिथे येऊन संपतं रे. बळी किती? सहा. बरं झालं, मिटली फाइल. माणसाला शाळेत नेऊन बसवता येतं. पोफळीला कुठे नेऊ?

धाकटा: झाडं कोणालाच हलवता येत नाहीत.

आत्या: तेच म्हणते. मग जे हलवता येत नाही त्याचं काय करायचं, हे तुमच्या आराखड्यात कुठल्या पानावर आहे?

(ते पान बहुतेक आराखड्यांत नसतं. आपल्याकडे आपत्तीचं काम ‘जीवितहानी शून्य’ या ध्येयाभोवती रचलेलं आहे आणि ते ध्येय थोर आहे. पण ते गाठलं की पुढचं सगळं महसुलाच्या टेबलावर जातं.)

आत्या: आणि टीव्हीवर काय चाललं होतं त्या दिवशी? ‘मुंबईवरचं संकट टळलं.’ अरे, टळलं म्हणजे गेलं कुठे? आमच्या डोक्यावर. इथे फोनचे मनोरे पडलेले, वीज गेलेली, रस्त्यावर झाडं आडवी. आम्ही जिवंत आहोत हेसुद्धा कुणाला सांगता येईना. आणि बातमी काय, तर मुंबई वाचली.

धाकटा: त्याला कारण आहे. मुंबईत पावणेदोन-दोन कोटी लोक...

आत्या: कारण असेल. कारण असलं म्हणून बातमी खरी होत नाही.

धाकटा: बरं, मग तूच सांग, नाव अलिबागचं झालं आणि नुकसान श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीचं जास्त, असं का?

आत्या: अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण. साहेब तिथे बसतात. वादळालाही ठाऊक असणार.

धाकटा: चेष्टा नको. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वादळ ईशान्येकडे सरकत होतं. म्हणजे त्याच्या उजव्या हाताला, दक्षिणेच्या बाजूला, फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, आणि वारा समुद्राकडून जमिनीवर येतो. डाव्या हाताला, मुंबईच्या बाजूला, त्याच दोन वेगांची वजाबाकी होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. केंद्र मुरुडच्या आसपास आत शिरलं. तुम्ही पस्तीसेक किलोमीटर दक्षिणेला होतात, नेमके उजव्या हाताला.

आत्या: म्हणून तो आधी डोंगराकडून आला.

धाकटा: काय?

आत्या: वारा. सकाळपासून डोंगराकडून येत होता. पोफळी सगळ्या दर्याकडे कललेल्या. मग दुपारी फिरला आणि दर्याकडून उलटा आला. आधीच्या माराने मुळं सैल झाली होती, ती या दुसऱ्या फेरीत उपटली. वाडीत झाडं दोन दिशांना पडली होती. पंचनाम्याला आलेल्या मुलाला मी दाखवलं. तो म्हणाला, दिशेचा रकाना नाही.

धाकटा: हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. केंद्र नैऋत्येकडून तुमच्या पश्चिमेला आलं आणि उत्तरेला गेलं, म्हणजे वारा असाच फिरायला हवा. बरोबर आहे.

आत्या: बरोबर आहे म्हणजे? मी उभी होते तिथे!

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. वादळाच्या इशाऱ्यात वेग असतो, वेळ असते, लाटांची उंची असते. ‘वारा आधी पूर्वेकडून येईल, मग काही तासांत नैऋत्येकडून येईल, पहिला जोर ओसरला म्हणून बाहेर पडू नका’ हे गावाच्या भाषेत कुणी सांगत नाही. मार्गाचा अंदाज असला की हे आधी काढता येतं, ते फार अवघड गणित नाही. केंद्र डोक्यावरून जातं तिथे तर मधली शांतता अधिक फसवी असते. लोक बाहेर येतात, पत्रे गोळा करायला लागतात आणि तेवढ्यात दुसरी बाजू येऊन आदळते.

धाकटा: आता तुझ्या पडवीकडे येऊ.

आत्या: आलाच का!

धाकटा: वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. साठचा वेग एकशेवीस झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. एकशेवीसला दर चौरस मीटरला सुमारे पासष्ट ते सत्तर किलो. दहा फूट बाय दहा फुटांचा पत्रा घेतला तर सहाशे किलोंच्या वर उचल, आणि तीसुद्धा वरच्या दिशेने. आपण छप्पर बांधतो ते पाऊस खाली येतो म्हणून. वारा वर ओढतो, हे आपल्या डोक्यात नसतं. तुझी पडवी तीन बाजूंनी उघडी आहे. खालून वारा भरतो, वरून ओढतो, आणि पत्रा गेलाच.

आत्या: पडवीचे पत्रे गेले तसे खोल्यांचेही गेले. त्या तर उघड्या नव्हत्या.

धाकटा: खिडक्या?

आत्या: वाऱ्याच्या उलट बाजूची एक उघडी ठेवली होती. म्हणतात ना, हवा कोंडली की घर फुटतं.

धाकटा: ते खोटं आहे, आत्या. साफ खोटं. घर हवाबंद डबा नसतं, कोंडायला तिथे काही नसतं. शिवाय तूच म्हणालीस की वारा फिरला. सकाळची उलट बाजू दुपारी सुलट झाली. त्या खिडकीतून वारा आत शिरला आणि त्याने आतून छपराला ढुशी दिली. बाहेरून ओढ, आतून ढुशी. दारं, खिडक्या सगळ्या घट्ट बंद ठेवायच्या.

आत्या: आणि जुन्या घराचं काय? माजघर, ओटी, सगळं जागेवर राहिलं. चार-दोनशे कौलं गेली, वासा हलला नाही. त्याला तर कुणा इंजिनियरने हात लावला नव्हता.

धाकटा: ते घर चौपाखी आहे. चारही बाजूंना उतार, पागोळ्या खाली आलेल्या. वाऱ्याला धरायला उभी भिंत मिळत नाही. दुपाखीला दोन्ही टोकांना तिकोनी भिंत असते, वारा ती भिंतच आधी घेतो. आणि कौलं सुटी असतात, फटी असतात, दाब थोडा निसटतो. चार कौलं उडतात, बाकीची राहतात. पत्रा एका खिळ्याला सुटला की अख्खा जातो, आणि गेला की तो सुरा असतो. कौलारू चौपाखी घर बांधणाऱ्यांना दाबाचं गणित येत नसेल, पण त्यांनी वारा पाहिला होता.

आत्या: मग तुम्ही लोकांनीच नंतर सिमेंटचे स्लॅब आणि पत्रे आणलेत ना?

धाकटा: पत्रे तू आणलेस. स्वस्त म्हणून.

आत्या: कौलं चढवणारा माणूस मिळतो का आता? शेवाळ घासायला, नळे फिरवायला दरवर्षी माणूस लागतो. मुलं मुंबईला. म्हातारी चढणार आहे का कौलांवर?

यावर धाकट्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. कोकणातलं घर बदललं ते हौसेने थोडं आणि माणसं कमी झाल्यामुळे बरंच. वाऱ्याला टिकणारं घर सांभाळायला हात लागतात, आणि ते हात विरार-डोंबिवलीला राहतात. धाकट्याचं म्हणणं मात्र एका बाबतीत पक्कं आहे: पत्राच घालायचा तर साध्या खिळ्यांऐवजी आकड्याचे बोल्ट, ते कडेला आणि कोपऱ्यांत दाट, आणि छप्पर भिंतीला व भिंत पायाला लोखंडी पट्टीने बांधलेली. खर्च वाढतो तो एकूण छपराच्या मानाने थोडा. नुकसानभरपाईच्या पैशातून घर पुन्हा उभं राहतं तेव्हा ही अट कुणी घालत नाही, आणि तेच छप्पर त्याच खिळ्यांवर परत चढतं.

आत्या: भरपाईचं नाव काढलंस म्हणून बोलते. आधी हेक्टरी पन्नास हजार जाहीर झाले. आमच्याकडे हेक्टर कुणाचा असतो रे? दहा गुंठे, पंधरा गुंठे, त्यातही भाऊबंदांची नावं. सात-बारावर दिवंगतांची गर्दी. मग ओरड झाली तेव्हा झाडाप्रमाणे ठरलं. माडाला अडीचशे. पोफळीला पन्नास.

धाकटा: तू चिडशील, पण गणित ऐक. पोफळी शास्त्रशुद्ध अंतराने, पावणेतीन मीटरवर लावल्या तर हेक्टरी साधारण तेराशेच्या वर बसतात. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे झाडाला सदतीस रुपयांच्या आसपास. त्या हिशेबाने पन्नास वाढलेच.

आत्या: वाढले! अरे, पडलेली एक पोफळ कापून, ओढून वाडीच्या बाहेर काढायला माणूस जे घेतो त्यात तुझे पन्नास कुठल्या कुठे जातात. चांगली पोफळ वर्षाला दोनेक किलो सुकी सुपारी देते. एका वर्षाचं, एका झाडाचं उत्पन्न काढ, आणि मग पन्नास म्हण. आणि झाड एका वर्षाचं नसतं. रोप दीड वर्षाचं होऊन जमिनीत जातं, सहा-सात वर्षांनी धरायला लागतं, पुढे चाळीस वर्षं देतं. सासऱ्यांनी लावलेलं मी खाल्लं. मी लावलेलं कोण खाणार, ते देवाला ठाऊक.

धाकटा: भरपाई म्हणजे विमा नव्हे. ती उभं राहायला दिलेली मदत असते.

आत्या: तसं असेल तर तसं म्हणा. ‘नुकसानभरपाई’ कशाला म्हणता? आणि जी उरली त्यांचं काय? त्यांचा तर पंचनामाच नाही.

धाकटा: उरली ती वाचली ना?

आत्या: बघ, हे तुला ठाऊक नाही. पोफळ सावलीतलं झाड. शेजारची पडली की उरलेलीच्या खोडावर ऊन येतं. पश्चिमेकडची साल भाजते, तिला चिरा जातात, खोड कमजोर होतं. दोन वर्षांनी साधा वळवाचा वारा येतो आणि ती मधून मोडते. ती कुठल्या वादळात धरायची? जायफळाचंही तेच, डोक्यावरची सावली गेली की पानं करपतात. आणि त्या पावसाळ्यानंतर शिंपणं करायला वीज कुठे होती वेळेवर? हे वादळ ३ जूनला आलं हे मला कळतं. गेलं कधी, ते मला अजून कळलेलं नाही.

या एका वाक्यावरून मी आत्याच्या बाजूला झुकलो, हे सांगून टाकतो. हवामानाच्या भाषेत ‘निसर्ग’ ४ जूनला ओसरलं. पुणे, नाशिकच्या अंगावरून जात त्याचा साधा कमी दाबाचा पट्टा झाला. वाडीच्या भाषेत ते पुढे सहा-सात वर्षं चालू राहतं, नवी पोफळ धरेपर्यंत. मोजायला घेतलेली मुदतच चुकीची असेल तर तिच्यावर बेतलेली मदतही तोकडीच पडणार. श्रीवर्धनला सुपारीचं संशोधन केंद्र आहे, इथल्या रोठा सुपारीला देशभर नाव आहे. उभ्या राहिलेल्या झाडांचं दोन-तीन वर्षांनी पुन्हा सर्वेक्षण करणं अशक्य कोटीतलं नाही. कुणी मागितलं मात्र पाहिजे.

धाकटा: ठीक, पण तू एका वादळावर सगळं मोजतेस. पुढे काय येतंय ते बघ. बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात एक, असं जुनं प्रमाण. आपला समुद्र तुलनेने थंड, आणि पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेचा, वरचा पूर्वेचा, त्यामुळे वादळाचा मनोराच उभा राहत नाही. म्हणून ती मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात, आणि त्यातलीही बरीच ओमान-येमेनकडे जायची. आता समुद्र तापलाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०२१ चा अभ्यास आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी, आणि वादळ समुद्रावर टिकून राहण्याचा काळही वाढला.

आत्या: दीडशे टक्के म्हणजे किती वादळं?

धाकटा: मूळ संख्या लहान आहे, हे खरं.

आत्या: म्हणजे दोनाची पाच?

धाकटा: साधारण तशाच मापाची गोष्ट. पण ती पाचही खरी असतात, आत्या. ‘निसर्ग’ गेलं आणि अकरा महिन्यांत ‘तौक्ते’ आलं. ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं, १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातेत शिरलं, तरी जाता जाता देवगडपासून पालघरपर्यंत हापूस पाडून गेलं. मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींच्या कामावरच्या माणसांचा तराफा बुडाला, सत्तरावर माणसं गेली. इशारा होता, तरी गेली.

आत्या: माझी नवी रोपं त्यात पडली. ती कुठल्या टक्क्यात?

धाकटा गप्प झाला की आत्याला वाटतं ती जिंकली. तसं नसतं. तो पुढचा मुद्दा जुळवत असतो.

धाकटा: तू म्हणशील पूर्वीही वादळं येत होती.

आत्या: येतच होती. १९४८ च्या नोव्हेंबरचं आमचे सासरे सांगायचे. आणि १७ जुलै १९४७ ची रामदास बोट! भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. काश्याच्या खडकाजवळ लाटांनी उलटी केली. सहाशेच्या वर माणसं गेली, आषाढातली अमावास्या होती. इकडच्या कितीतरी घरांत त्या दिवसाचं काहीतरी आहे. त्याला चक्रीवादळही लागलं नाही, साधा पावसाळी दर्या पुरला.

धाकटा: रामदास खरी. तिची नोंद आहे, चौकशी झाली. पण आठवणीवर सगळं सोडलं की काय होतं, ते ऐक. जगातल्या भयंकर वादळांच्या यादीत कित्येक ठिकाणी ‘६ जून १८८२, मुंबई, एक लाख बळी’ असं छापलेलं असतं. असं वादळ झालंच नाही. तेव्हा मुंबईची वस्ती पावणेआठ लाख. आठातला एक माणूस गेला असता आणि त्या वेळच्या एकाही वर्तमानपत्राने छापलं नसतं? कुणीतरी लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने पुस्तकात घातलं.

आत्या: हे तुझ्या पुस्तकवाल्यांनीच केलं ना? आमच्या गावात कुणी नाही सांगत असलं काही.

तिचा टोला बरोबर बसला. १८८२ चं खोटं वादळ जन्मलं ते कागदावर, आणि कागदावरच मोठं झालं.

धाकटा: मग ओडिशाकडून शीक. १९९९ मध्ये दहा हजार. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर आठशेच्या वर निवारे बांधले. खांबांवर उभे, एरवी त्यांत शाळा भरते. गावोगाव मुलांना शिकवलं, कोण कुणाला हलवणार ते नावानिशी ठरलं. २०१३ ला ‘फायलिन’, २०१९ ला ‘फनी’. ‘फनी’च्या वेळी बारा लाख माणसं हलवली. बळी दोन आकड्यांत थांबले.

आत्या: त्यांच्याकडे दर दोन-चार वर्षांनी येतं. सवय होते. आमच्याकडे एका पिढीत एकदा येतं, मग एकदम पाठोपाठ. सवय कशाची लागणार? आणि निवारा म्हणशील तर आम्हाला ज्या शाळांमध्ये नेलं त्यांतल्या कितीतरी शाळांचे पत्रे उडाले. माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत होती. आधी निवारा टिकला पाहिजे, मग माणसं हलवा.

धाकटा: हे मी मान्य करतो. पूर्ण मान्य.

आत्या: लिहून घे रे, म्हणाला.

(लिहून घेतलं.)

धाकटा: पण वारा फक्त चक्रीवादळाचाच मारतो असं धरून चालू नकोस. १३ मे २०२४ ला घाटकोपरला काय झालं? कुठलं चक्रीवादळ नव्हतं. दुपारी धुळीचं वादळ, वळवाचा एक झोत. १२० बाय १२० फुटांचा जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला, १७ माणसं गेली. मुंबईत परवानगी ४० बाय ४० ची. वाऱ्याचा भार किती धरायचा ते भारतीय मानकात लिहिलेलं आहे. मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. एवढं धरून बांधलं असतं तर तो फलक त्या झोताला पडला नसता. नियम आहे, वारा नियमाच्या आतला आहे, आणि माणसं तरी मरतात.

आत्या: आणि इथे सुरू पडतात.

धाकटा: सुरूचं बन वाऱ्याला अडवतं. वाळू धरून ठेवतं.

आत्या: अडवतं, साध्या वाऱ्याला. मोठा वारा आला की तोच आडवा पडतो, रस्त्यावर, तारांवर, छपरावर. मुळं वर-वर. जुन्या लोकांनी किनाऱ्यावर उंडी ठेवली होती, करंज ठेवला होता, खाली केवड्याची जाळी, खाडीत कांदळवन. उंडीचं तेल होड्यांना लावायचे. उंडी वाढायला वेळ घेते, म्हणून खात्याला नको. सुरू पाच वर्षांत उंच होतो, फोटोला छान दिसतो. पर्यटकही त्याच्याखाली गाड्या लावतात.

धाकटा: दोन्ही मिसळून लावता येतील. पुढे सुरू, मागे उंडी-करंज.

आत्या: ते सांग त्यांना. तुझं ऐकतील.

धाकटा: माझं कोण ऐकतंय? मी तर वर्षभर इशाऱ्यांच्या जिल्हानिहाय रंगांवर भांडत होतो. रायगड म्हणजे उरणची खाडीही आणि पोलादपूरचा घाटही. दोघांना एकच लाल. आता तीन तास आधीचे तातडीचे इशारे येतात, वीज पडण्यासाठी पुण्याच्याच संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे; पण गावाला हवा असतो तो त्याच्या गावाचा अंदाज.

आत्या: लाल आला की पहिल्या वर्षी आम्ही गुरं सोडली, होड्या वर ओढल्या, चुली विझवल्या. काही नाही झालं. दुसऱ्यांदा काही नाही. आता लाल आला की लोक म्हणतात, बघू.

धाकटा: आणि तिसऱ्यांदा ‘निसर्ग’ आलं तर?

आत्या: तर माझे गडी ‘बघू’ म्हणतच मरतील. तेवढं मला कळतं. मी कधी नाही म्हणाले की इशारा नको? मी म्हणते, इशारा देणाऱ्याने वादळानंतर पुन्हा एकदा यावं. त्याने सांगितलं होतं ताशी एकशेवीस. एकशेवीसने काय केलं ते त्याने वाडीत उभं राहून पाहावं. म्हणजे पुढच्या वेळी तो मला आकडा देणार नाही. सांगेल, आत्याबाई, तुमच्या पडवीचे पत्रे राहणार नाहीत, उत्तरेकडच्या दोन रांगा राहतील, बाकी धरू नका.

खरं म्हणजे जगभर हवामान खाती याच दिशेने निघाली आहेत. हवा काय करील याऐवजी हवेने काय होईल ते सांगायचं, आणि आपल्या खात्याच्या चक्रीवादळाच्या पत्रकांतही आता ‘अपेक्षित नुकसान’ असा भाग असतो: कच्च्या घरांची छपरं, विजेचे खांब, केळी-पपईच्या बागा. पोफळीचं नाव त्यात मी तरी वाचलेलं नाही. आत्या ज्या बारकाईने मागते आहे ती कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरची आहे. ती वाडीवाल्याकडेच असते, आणि ती गोळा करायला कुणीतरी वादळ सरल्यावर, कॅमेरे गेल्यावर, वही घेऊन यावं लागतं.

धाकटा: मी येतो. मे उजाडण्याआधी येतो, वहीसुद्धा आणतो. झाडाच्या वयाप्रमाणे भरपाई आणि दोन वर्षांनी दुसरा पंचनामा, या दोन मागण्या मी नीट टिपण करून देतो, तू तुमच्या बागायतदारांच्या सह्या घे. पण माझी एक अट आहे.

आत्या: बोल.

धाकटा: पडवी काढायची.

आत्या: पडवी काढली तर पाहुणे जेवणार कुठे? खोल्यांचं भाडं येतं म्हणून तर पोफळी धरेपर्यंत घर चाललंय.

धाकटा: मग निदान सुटी कर. घराच्या छपराला जोडू नकोस. गेली तर ती एकटी जाईल, खोल्यांचे पत्रे घेऊन जाणार नाही. आणि मेच्या अखेरीला पत्रे उतरवून ठेवायचे, दिवाळीला परत चढवायचे.

आत्या: मेची अखेर? अरे, सुट्टीचा सगळा धंदा मे महिन्यातच असतो. ‘तौक्ते’ सतरा मेला आलं, तू आत्ताच सांगितलंस. मग कधी उतरवू, एप्रिलला?

धाकटा: इशारा आला की उतरव. दोन दिवस मिळतात.

आत्या: दोन दिवसांत पत्रे उतरवायला माणसं कोण देणार? सगळ्या गावाला त्याच दोन दिवसांत माणसं हवी असतात.

धाकटा: किती बोल्ट आहेत पडवीला?

आत्या: मी मोजलेत होय? तू ये आणि मोज. येताना आकड्याचे बोल्ट तिकडूनच आण, इथे वादळानंतर भाव चढले ते उतरलेले नाहीत.